केल्व्हिनेटर कोणाचा?

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत 'रेडिओ लाव' असे फारसे कोणी म्हणत नसे. 'मर्फी लाव' किंवा 'फिलिप्स लाव' असे म्हणत. शिवणयंत्र म्हणजे 'उषा', वाटणाचे यंत्र आले ते 'सुमीत', आणि ज्यांच्याकडे फ्रिज आला त्यांच्या घरी पाहुण्यांना केल्व्हिनेटरचे पाणी मिळू लागले. विशेषनामाचे सामान्यनाम व्हावे, याहून मोठा लौकिक उत्पादकाला मिळत नसतो. तीच नावे मनात धरून आपण आजही दुकानात जातो आणि दोन-तीन वर्षांत वस्तू भंगारात निघाली की 'पूर्वीसारखा माल राहिला नाही' असा उसासा टाकतो. तक्रार खरी आहे. परंतु ती करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, ती ही की नावामागे अजून तोच उत्पादक उभा आहे आणि त्याने आपले काम ढिले केले आहे. या नावांचा इतिहास पाहू गेल्यास बहुतेक ठिकाणी निराळेच चित्र दिसते. मूळ उत्पादक केव्हाच निघून गेलेला असतो आणि त्याचे नाव तेवढे बाजारात फिरत असते.

आरंभ रेडिओपासून करणे सोयीचे. १९५५ साली मालवा हाऊसमध्ये आकाशवाणीचे इंदूर केंद्र सुरू झाले. १९५२ च्या अखेरीस सुरू झालेल्या बिनाका गीतमालेसाठी सिलोन लावणाऱ्या मंडळींना आता आपल्या गावचा आवाजही मिळू लागला. रेडिओसाठी पोस्टात जाऊन परवाना-शुल्क भरावे लागे आणि ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. परवाना काढून घरात आणलेली वस्तू घरातल्या वडीलधाऱ्यासारखी वागवली जाई, यात नवल नाही. तिच्यावर भरतकामाचे आवरण असे आणि मुलांना बटनाला हात लावण्याची बंदी असे.

त्यांपैकी मर्फी हे नाव इंग्लंडचे. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर या दोघांनी १९२९ मध्ये वेलविन गार्डन सिटी येथे ही कंपनी काढली. गंमत अशी की खुद्द फ्रँक मर्फी १९३७ मध्येच कंपनी सोडून गेले. म्हणजे आपल्याकडे ओठांवर बोट ठेवलेल्या बाळाचे चित्र घरोघर पोचले, त्याच्या कितीतरी आधी मर्फीत मर्फी उरला नव्हता! पुढे १९६२ मध्ये इंग्लंडमधली मर्फी कंपनी रँक समूहात जाऊन 'बुश'शी जोडली गेली. भारतातला मर्फी मात्र ठाण्याच्या कारखान्यात तयार होत होता, आणि आपल्या विश्वासाचे खरे ठिकाण वेलविन नसून ठाणे होते. तो कारखाना बंद पडला तेव्हा आपला मर्फी संपला. आज काही वडीलधारी मंडळी 'मॉर्फी रिचर्ड्स'ची इस्त्री 'आपल्या मर्फीची' समजून घेतात. वास्तविक मॉर्फी आणि रिचर्ड्स हे दोन निराळेच इंग्रज गृहस्थ. त्यांची कंपनी १९३६ ची आणि रेडिओवाल्या मर्फीशी तिचा काहीएक संबंध नाही.

फिलिप्स मूळची हॉलंडची. १९३० मध्ये ती कलकत्त्यास आली आणि १९५९ मध्ये पुण्याजवळ लोणी काळभोर येथे तिचा रेडिओचा कारखाना उभा राहिला. या रेडिओंचे आयुष्य मोठे होते, आणि केवळ चांगल्या सामानाने ही गोष्ट साधलेली नव्हती. त्यांच्या पोटातला प्रत्येक व्हॉल्व्ह खोबणीत बसवलेला असे. 'ईसीएच-८१' गेला तर 'ईसीएच-८१' आणून बसवावा, 'ईएल-८४' गेला तर तो. हे क्रमांक साऱ्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्यांना तोंडपाठ असत आणि एका कंपनीच्या रेडिओला दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्ह चाले. वस्तू बिघडणार हे कारखान्याने आधीच मान्य केलेले होते. म्हणून तिच्या रचनेत दुरुस्ती करणाऱ्यासाठी जागा ठेवलेली होती. आजच्या संचातील पत्र्याएवढ्या जागेत डाळीच्या दाण्याहून बारीक भाग यंत्राने चिकटवलेले असतात. तेथे मिस्त्रीचे बोट पोचत नाही. अख्खी पाटी बदलावी लागते आणि तिची किंमत ऐकून माणूस नवीन वस्तूचाच विचार करू लागतो.

जुन्या कंपन्या सगळ्या सज्जन होत्या, असा मात्र समज करून घेऊ नये. १९२४ मध्ये जगातील मोठ्या दिवे-उत्पादकांनी जिनिव्हात 'फीबस' नावाची संघटना केली आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले. त्याहून अधिक टिकणारा दिवा काढणाऱ्या सभासदाला दंड होई. त्या सभासदांत फिलिप्सही होती. तेव्हा वस्तू मुद्दाम कमी टिकाऊ करणे हा आजच्या पिढीचा शोध नाही.

आता केल्व्हिनेटर. रेडिओचे युग ओसरून फ्रिज मध्यमवर्गीय घरात शिरला, तेव्हाचे हे सर्वांत भारदस्त नाव. या विषयाचे सारे सार या एका नावाच्या प्रवासात आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. १९१४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे ही कंपनी निघाली. लवकरच तिला शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांच्या नावावरून केल्व्हिनेटर हे नाव मिळाले. १९३७ मध्ये ती नॅश या मोटारकंपनीत विलीन झाली, १९५४ मध्ये त्यातून अमेरिकन मोटर्स बनली, १९६८ मध्ये फ्रिजचा व्यवसाय व्हाइट कन्सॉलिडेटेड या समूहाला विकला गेला, आणि १९८६ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने तो अख्खा समूहच घेतला. इकडे दिल्लीजवळ फरीदाबाद येथे केल्व्हिनेटर ऑफ इंडिया ही कंपनी त्या नावाने फ्रिज बनवत होती. पेंग्विनचे चित्र, जाड पत्रा, वजनदार दार आणि रात्रीच्या शांततेत घरभर ऐकू येणारी ती घरघर हे सगळे फरीदाबादचे.

१९९१ नंतर परदेशी कंपन्यांना दारे उघडली. १९९५ च्या सुमारास अमेरिकेच्या व्हर्लपूलने फरीदाबादची कंपनी ताब्यात घेतली. कारखाना, यंत्रे, कारागीर, विक्रेत्यांचे जाळे सगळे तिला मिळाले. नाव मात्र मिळाले नाही, कारण ते इलेक्ट्रोलक्सच्या मालकीचे होते. परिणाम काय झाला, तो नीट पाहावा. ज्या कारखान्यावर आपला विश्वास होता, त्यातून व्हर्लपूल नावाचा फ्रिज बाहेर पडू लागला. आणि ज्या नावावर विश्वास होता, ते इलेक्ट्रोलक्सने दुसरीकडे बनलेल्या फ्रिजवर लावले. गिऱ्हाईक नाव पाहून घेते. ते नावामागे गेले. पुढे २००५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने भारतातला व्यवसाय व्हिडिओकॉनला दिला आणि केल्व्हिनेटर नाव तिसऱ्या घरी नांदू लागले. व्हिडिओकॉन बुडाल्यावर ते रिलायन्स रिटेलने परवान्यावर वापरले आणि जुलै २०२५ मध्ये विकतच घेतले. १९८० मध्ये वडिलांनी घेतलेला, १९९९ मध्ये मुलाने घेतलेला आणि २०१० मध्ये नातवाने घेतलेला, असे तीन केल्व्हिनेटर एका घरात असतील तर त्यांचा परस्परांशी संबंध आडनावबंधूंइतकाच. आणि आपण तर आडनाव पाहून स्थळ पसंत करणारी माणसे!

व्हिडिओकॉनची हकीकत महाराष्ट्राशी निगडित आहे. औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) पैठण रस्त्यावर चितेगाव येथे धूत कुटुंबाने जपानच्या तोशिबाच्या सहकार्याने १९८० च्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी संच बनवण्यास आरंभ केला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनी देशाला रंगीत चित्राची गोडी लावलेली होती आणि मराठवाड्यासारख्या मागास भागातून असा उद्योग उभा राहणे ही अभिमानाची गोष्ट होती. पुढे मात्र या घराण्याने नावे गोळा करण्याचा सपाटा लावला. केल्व्हिनेटर, इलेक्ट्रोलक्स, सॅन्सुई, अकाई, केनस्टार, आणि २०१० पासून फिलिप्सचे दूरचित्रवाणी संचसुद्धा. महाराणी रोडच्या दुकानात गिऱ्हाईक या मांडणीवरून त्या मांडणीकडे जाऊन तुलना करी. पण त्यांतील पुष्कळ नावे एकाच मालकाच्या हाताखाली आलेली होती. त्याच वेळी भांडवल तेलाच्या क्षेत्रांत आणि दूरसंचारात गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे दूरसंचार परवाने रद्द केले, त्यांत याही समूहाचे होते. कर्ज वाढत गेले आणि जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. सुटा भाग मागायला जावे तर देणारेच उरले नव्हते.

नाव असे वस्तूपासून वेगळे काढून विकता येते काय, हा प्रश्न कायद्यालाही पडलेला आहे. १९५८ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली मालकाखेरीज दुसऱ्याने चिन्ह वापरायचे तर नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून मंजुरी घ्यावी लागे. चिन्हांचा नुसता सौदा होऊ नये, ही दृष्टी त्यामागे होती. १९९९ चा नवा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि त्याने ही वाट पुष्कळ मोकळी केली. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला मंजुरीच्या फायलींविषयी फार ममता असू नये, हे मान्य. तरीही या एका फायलीत ग्राहकाचे हित दडलेले होते, असे मला वाटते.

याबाबतीत 'सुमीत'चा खटला वाचण्यासारखा आहे. सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचे जर्मन मिक्सर जळाले आणि भारतात ते दुरुस्त होईना. तेव्हा माथुरांनी स्वतःच भारतीय वाटणाला पुरे पडेल असे यंत्र बनवले. जर्मन यंत्र फळांचा रस काढण्याजोगे होते. त्याला ओले खोबरे, भिजवलेली डाळ आणि सुक्या मिरच्या झेपणार कशा? सुमीतची मोटार नेमकी त्या कामासाठी होती. पुढे त्याच कुटुंबात फूट पडली आणि सुमीत हे नाव कोणी वापरावे यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की व्यापारचिन्ह एक, त्याचा उगम एक आणि मालक एक; त्याला दोन उगम असू शकत नाहीत. तत्त्व बिनतोड आहे. पण भांडणात गेलेल्या वर्षांत प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले आणि 'सुमीत'चा तो दिमाख परत आला नाही.

आणि फिलिप्स? २०२१ मध्ये तिने घरगुती उपकरणांचा व्यवसायच विकून टाकला. नव्या मालकाने २०२३ मध्ये कंपनीचे नाव 'व्हर्सुनी' ठेवले. मिक्सर-इस्त्रीवर मात्र परवान्याने फिलिप्स हीच अक्षरे छापली जातात. इंदूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपण मालवा मिलला उतरतो, तेथे भाजी घेतो आणि परत येतो. कापड तेथे कोणी विणत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जुना फ्रिज घेण्यासाठी कित्येक महिन्यांचे वेतन बाजूला ठेवावे लागे आणि निवड दोन-चार नावांतच असे. आज त्या मानाने तो फारच स्वस्त झाला आहे आणि वीज कमी खातो. २००६ पासून वस्तूंवर ताऱ्यांची खूण येऊ लागली, तिच्या कसोटीला आपले जुने फ्रिज टिकले नसते. शिवाय चाळीस वर्षे चाललेली वस्तू आपल्याला आठवते. पाचव्या वर्षी कबाडीला दिलेली वस्तू विस्मृतीत जाते, आणि वेस्टन, क्राऊन, टेलिव्हिस्टा, डायनोरा यांच्या संचांवर थापा मारून चित्र स्थिर करणाऱ्यांनी त्या काळाला सुवर्णयुग म्हणताना थोडा विचार करावा.

हे सारे मान्य करूनही एक दुःख उरते, आणि त्याची झळ वृद्धांनाच अधिक लागते. ज्यांची मुले पुण्याला किंवा परदेशी आहेत, असे आपल्यातले जोडपे दुकानात जाते आणि जुने नाव दिसताच निर्धास्त होते. मागच्या वर्षी आमच्याकडे एका फार जुन्या नावाचे कपडे धुण्याचे यंत्र चौदाव्या महिन्यात बंद पडले. हमी बारा महिन्यांची. दूरध्वनीवर बोलणाऱ्या मुलीला ते यंत्र कोठे बनले, हेच सांगता येईना. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये संकेतस्थळही उघडले. पण तेथे आपली तक्रार नेमकी कोणाविरुद्ध, हे आधी ठाऊक असावे लागते.

ते समजण्याची एक सोय मात्र आहे. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे, वेष्टन करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता छापावा लागतो. ही ओळ मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरांत असते. आमच्या भागातला एक वयस्क मिस्त्री फ्रिज दुरुस्तीला गेला की समोरच्या पाटीकडे पाहतच नाही. आधी फ्रिज भिंतीपासून पुढे ओढतो, चश्मा कपाळावर चढवून मागचा कागद वाचतो, आणि मग विचारतो, "घेतला कोणत्या साली?"