तीमथ्याला पहिले पत्र, ३:१६ (ग्रीक पाठ)

नव्या करारात पौलाच्या नावे असलेल्या पत्रांपैकी एकातील वचन; ग्रीक पाठचिकित्सेत ज्या थोड्या स्थळांवर अक्षराच्या एका रेघेवरून पिढ्यान् पिढ्या तकरार चालली, त्यांत याची गणना होते. सुभक्तीच्या रहस्याचा उल्लेख झाल्यावर येणारी सहा लघुवाक्ये प्राचीन उपासनागीतातून घेतलेली असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या गीतखंडाच्या आरंभी ‘थेओस’ (देव) हे नाम होते, ‘होस’ (जो) हे पुल्लिंगी सर्वनाम होते, की ‘हो’ (जे) हे नपुंसकलिंगी, असा प्रश्न आहे. त्यातून उद्भवणारा ख्रिस्ताच्या देवत्वाचा वाद धर्मशास्त्राच्या प्रांतातला असल्याने येथे अप्रस्तुत होय.

लेखनपद्धती : प्राचीन ख्रिस्ती लेखनिक देववाचक नामे संक्षेपाने लिहून त्यांवर आडवी रेघ ओढीत, त्यामुळे ‘थेओस’ हा शब्द थीटा व सिग्मा या दोन अक्षरांत मावत असे. ‘होस’साठी ओमिक्रॉन व सिग्मा लागत. थीटा व ओमिक्रॉन दोन्ही वर्तुळाकार असून पहिल्याच्या पोटात आडवी रेघ असते, इतकाच भेद.

आलेक्सांद्रिनुस पोथी : ५व्या शतकातील ही चर्मपत्रांची पोथी कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष सिरिल लुकारिस यांच्याकडून नजराणा म्हणून येऊन १६२७ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सकडे दाखल झाली, हल्ली ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. प्रस्तुत स्थळी दिसणाऱ्या ठळक रेघा उत्तरकालीन हाताच्या, याबद्दल फारसा मतभेद नाही. त्यांच्याखाली मूळ लेखनिकाची बारीक रेघ होती काय, एवढाच वाद. बाझेलचा योहान याकोब वेटश्टाइन याने पान निरखून असा खुलासा केला की, थीटाची म्हणून दाखविली जाणारी फिकट खूण वस्तुतः पानाच्या पाठीवर लिहिलेल्या एप्सिलॉनची मधली रेघ असून ती चर्मपत्रातून पलीकडे दिसते. हा खुलासा सर्वांस पटला नाही, आणि तंटा मिटविण्यासाठी येणाऱ्या परीक्षकांची बोटे फिरून फिरून तेथील शाई इतकी पुसट झाली की, जिच्यावर निवाडा व्हावयाचा ती साक्षच क्षीण झाली. वेटश्टाइन १७३० मध्ये पाखंडाच्या आरोपावरून बाझेलच्या धर्मसेवेतून बडतर्फ झाला. त्याची ग्रीक नव्या कराराची आवृत्ती १७५१-५२ मध्ये आम्स्टरडॅम येथे निघाली.

इतर साक्षी : सिनाइटिकुस व एफ्राएमी या पोथ्यांत मूळ हाताचा पाठ ‘होस’ असून ‘थेओस’ ही मागाहूनची दुरुस्ती आहे. क्लारोमोंतानुसच्या मूळ पाठात लॅटिन परंपरेशी जुळणारा ‘हो’ आहे. व्हॅटिकानुसमध्ये हे पत्रच नाही. उत्तरकालीन हस्तलिखितांचा प्रचंड समुदाय मात्र ‘थेओस’च्या बाजूचा, व छापील ग्रीक पाठात आणि १६११च्या इंग्रजी भाषांतरात तोच रूढ झाला.

मीमांसा : आयझॅक न्यूटन याने १६९० मध्ये जॉन लॉक यास पाठविलेल्या व १७५४ मध्ये, म्हणजे त्याच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या निबंधात, ६व्या शतकारंभीचा धर्माध्यक्ष मॅसिडोनियस याच्या काळात मूळ पाठाचा ‘थेओस’ असा फेरफार झाला असे प्रतिपादिले, परंतु ४थ्या शतकातील निसाचा ग्रेगरी ‘थेओस’ हा पाठ जाणतो, तेव्हा हा ठपका टिकणारा नाही. ‘रहस्य’ या अर्थाचा ग्रीक शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘होस’ त्याच्याशी जुळत नाही. आणि नेमकी हीच अडचण त्या पाठाच्या प्राचीनत्वाची खूण ठरते, कारण अवघड मजकूर सुगम करण्याकडे लेखनिकाचा कल असतो, सुगम मजकूर मुद्दाम अवघड करण्याकडे नव्हे. १८८१च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीने सर्वनाम स्वीकारले. डीन बर्गन याने १८८३ मध्ये त्याविरुद्ध प्रदीर्घ प्रबंध लिहिला, त्यातील पोथ्यांची छाननी निष्कर्ष अमान्य असणाऱ्यांसही उपयोगी पडते.