नरहरी सोनार : चरित्र, कुल आणि व्यवसायाची भाषा

नरहरी सोनाराच्या चरित्राचा विचार करताना पहिला प्रश्न पुराव्याचा असतो. लंडनच्या सुवर्णकार-संघाला इ.स. १३२७ मध्ये राजसनद मिळाली. तेथील मध्ययुगीन सोनाराची पत्नी, मुले, मालमत्ता यांचा माग मृत्युपत्रे व करनोंदी यांतून काढता येतो. पंढरपुरातही शके ११९५ ते ११९९ (इ.स. १२७३-७७) या काळातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ आहे, परंतु तो देवालयाच्या दात्यांचा लेख आहे, कारागिराच्या घराचा नव्हे. रिद्धपूर येथे म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा त्या पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून मिळवून संकलित केल्या. तसे स्मृतिसंकलन नरहरीच्या वाट्याला आले नाही.

त्याचे रूढ चरित्र आपल्यापर्यंत येते ते प्रामुख्याने महिपतीच्या ‘भक्तविजया’तून (शके १६८४, इ.स. १७६२), म्हणजे सुमारे साडेचार शतकांनंतर. विठ्ठलाचे दर्शनही न घेणारा हा कडवा शैव. एका सावकाराने विठ्ठलासाठी कमरेचा अलंकार घडवावयास सांगितला. दिलेल्या मापाबरहुकूम घडवलेला अलंकार कधी सैल, कधी तोकडा होऊ लागला. अखेर डोळ्यांना पट्टी बांधून नरहरी मंदिरात गेला. हाताला शिवमूर्ती लागली. पट्टी सोडताच समोर विठ्ठल उभा. या कथेतील ‘कुल’ म्हणजे आईबाप व मुलेबाळे नव्हेत; वारशाने आलेली उपासना हेच तेथे कुल आहे. कथेला कुटुंबाची गरज आहे ती एवढ्यापुरतीच. शिवाय हरिहरैक्याचा निर्वाळा येथे एखादा पंडित देत नाही. तो कारागिराचा हात देतो, हे लक्षणीय आहे.

त्याच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात देह ही बागेसरी होते, त्रिगुणांची मूस होते, विवेकाचा हातोडा होतो आणि ज्ञानाचा तराजू होतो. सोनाराच्या सचोटीविषयी लोकमानसात असलेला संशयही हा कवी टाळत नाही. चोरीचा आळ तो स्वतःवर ओढवून घेतो. मात्र चोरलेले सोने असते रामनामाचे. व्यवसायाची निंदा अशी भक्तीची भाषा बनते. हे रूपक बाहेरून पांघरलेले वाटत नाही. त्यामागे दुकानात बसणाऱ्याचा अनुभव जाणवतो.

तथापि या जाणिवेवरून घटनांची मालिका रचणे हा पद्धतिदोष होय. महिपतीची कथा तेराव्या-चौदाव्या शतकाचा दस्तऐवज म्हणून वाचली, की दोन गोष्टी हातच्या जातात : इतिहास सिद्ध होत नाही आणि अठराव्या शतकातील चरित्रकाराची दृष्टीही झाकोळते. ‘भक्तविजय’ हे संतस्मरणाच्या इतिहासाचे साधन आहे, तर अभंग हे श्रमानुभवाच्या काव्यरूपाचे. ही दोन साधने वेगळी ठेवली, तरच नरहरीच्या चरित्रातील रिकाम्या जागा कल्पनेने न बुजवता त्याचे वाङ्मयीन स्थान निश्चित करता येईल.