हप्ते भरूनही घर परक्याचे : शिकागोच्या करारखरेदीची कहाणी

(थ्रेड)

१/
१९६१ साली शिकागोतील क्लाइड रॉस या कृष्णवर्णीय कामगाराने नॉर्थ लॉनडेल भागात घर घेतले. किंमत २७,५०० डॉलर. हेच घर विक्रेत्याने जेमतेम सहा महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला विकत घेतले होते. तीन महिन्यांत घराचा बॉयलर फुटला. दुरुस्तीचा खर्च रॉस यांच्या माथी आला. घर मात्र त्यांच्या नावावर नव्हते.

२/
रॉस यांनी बँकेचे कर्ज घेतलेले नव्हते. त्यांनी घर 'करारावर' घेतले होते. १९५० आणि १९६० च्या दशकांत शिकागोतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांनी अशीच घरे घेतली. शहाण्या, कमावत्या, काटकसरी माणसांनी इतका धोक्याचा व्यवहार का पत्करला? त्याचे उत्तर शोधण्यासाठी तीस वर्षे मागे जावे लागते.

३/
१९३० पूर्वी अमेरिकेत गृहकर्ज ही चैनीची वस्तू होती. घराच्या किमतीची साधारण निम्मी रक्कम आधी हाती असावी लागे. कर्जाची मुदत तीन ते पाच, फार तर दहा वर्षांची. तोवर बहुधा व्याजच भरायचे आणि मुदत संपताच मुद्दल एकरकमी फेडायचे किंवा नवे कर्ज काढून जुने वळते करायचे. बँका उदार असेपर्यंत हे निभत असे.

४/
१९२९ नंतरच्या महामंदीत बँकांनी हात आखडला. नवे कर्ज मिळेना आणि जुने फेडता येईना. १९३३ मध्ये देशभरात दिवसाला सुमारे एक हजार घरांवर जप्ती येत होती. त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारने 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' स्थापन केले. या महामंडळाने सुमारे दहा लाख घरांची थकलेली कर्जे आपल्याकडे घेऊन त्यांना लांब मुदतीचे हप्ते बांधून दिले.

५/
१९३४ मध्ये 'फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन' (एफएचए) आले. ही संस्था स्वतः कर्ज देत नसे. बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवत असे. कर्ज बुडाले तर सरकार भरपाई करणार, म्हणून बँका निर्धास्त झाल्या. आरंभी भरायची रक्कम घटली, मुदत वीस-तीस वर्षांवर गेली आणि प्रत्येक हप्त्यात व्याजासोबत मुद्दलही फिटू लागले. आज जगभर परिचित असलेला 'ईएमआय' याच सुमारास रूढ झाला.

६/
परिणाम विलक्षण होता. १९४० मध्ये स्वतःच्या घरात राहणारी अमेरिकी कुटुंबे सुमारे ४४ टक्के होती. १९६० पर्यंत हे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवर पोहोचले. अमेरिकी मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः या घरांत साठली. पण या दरवाजावर एक पहारेकरी उभा होता.

७/
तो पहारेकरी म्हणजे मूल्यांकनाचे नियम. लोन कॉर्पोरेशनने शहरांचे नकाशे चार रंगांत रंगवले: हिरवा, निळा, पिवळा आणि लाल. लाल म्हणजे धोका. कृष्णवर्णीय वस्त्या जवळजवळ सर्वत्र लाल होत्या. 'रेडलायनिंग' हा शब्द पुढे या लाल रंगाशी जोडला गेला.

८/
येथे एक खुलासा आवश्यक आहे. लोन कॉर्पोरेशनने स्वतः लाल भागांतही बरीच कर्जे दिली होती. केवळ त्या नकाशांनी सारे घडवले असे मानणे अनेक इतिहासकारांना मान्य नाही. निर्णायक ठरले ते एफएचएचे धोरण. तिच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत मिश्रवस्ती ही घराच्या किमतीला घातक मानली होती आणि कृष्णवर्णीयांना घर विकण्यास मनाई करणाऱ्या अटी खरेदीखतात घालण्याची शिफारस होती.

९/
म्हणजे कृष्णवर्णीय माणसाचा पगार किती, पत कशी, हा प्रश्नच उरला नाही. तो ज्या गल्लीत राहायला येई, ती गल्लीच कर्जास अपात्र ठरे. १९४८ मध्ये 'शेली विरुद्ध क्रेमर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की खरेदीखतांतील वर्णभेदी अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत. अटी निष्प्रभ झाल्या. बँकेची खिडकी मात्र उघडली नाही.

१०/
त्याच काळात दक्षिणेतून माणसांचा लोंढा उत्तरेकडे येत होता. शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या १९४० मध्ये सुमारे २ लाख ७८ हजार होती. १९६० मध्ये ती ८ लाख १३ हजारांच्या घरात गेली. रॉस त्यांपैकीच एक. मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळ त्यांच्या वडिलांची चाळीस एकर शेती होती. रॉस लहान असताना ३,००० डॉलरची करथकबाकी दाखवून ती जमीन, गाईगुरांसकट, हिरावून घेण्यात आली. वडिलांना वाचता येत नव्हते आणि वकील परवडत नव्हता.

११/
दुसऱ्या महायुद्धात सैन्यात सेवा करून रॉस १९४७ मध्ये शिकागोला आले, सूपच्या कारखान्यात लागले, संसार थाटला. आता घर हवे होते. बँका दार उघडत नव्हत्या. या बंद दारापाशीच सट्टेबाज दलाल उभे होते.

१२/
त्यांचा धंदा दोन टप्प्यांत चाले. पहिला टप्पा गोऱ्यांना घाबरवण्याचा. गोऱ्या वस्तीतून बाबागाडी ढकलत जाण्यासाठी कृष्णवर्णीय स्त्रीला पैसे देऊन आणायचे आणि मग घरोघरी सांगत फिरायचे, 'ते' येत आहेत, भाव पडण्याआधी विका. भेदरलेली कुटुंबे मिळेल त्या किमतीला घर विकत. नॉर्थ लॉनडेल १९५० मध्ये बहुतांशी गोऱ्यांचे होते. १९६० मध्ये तेथील सुमारे ९१ टक्के रहिवासी कृष्णवर्णीय होते.

१३/
दुसरा टप्पा कराराचा. स्वस्तात घेतलेले घर दीडपट-दुप्पट भावाने कृष्णवर्णीय कुटुंबाला हप्त्यांवर द्यायचे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत विक्रेत्याकडेच राही. कर, विमा, दुरुस्ती यांचा भार मात्र घेणाऱ्यावर. एक हप्ता चुकला तरी विक्रेता करार मोडू शकत असे. मग आरंभीची रक्कम, आजवरचे सारे हप्ते आणि घर, तिन्ही गेले.

१४/
साध्या तारणकर्जात प्रत्येक हप्त्यागणिक घरातील मालकीचा वाटा वाढतो. जप्ती आली तरी कर्जदाराला कायद्याचे काही संरक्षण असते. करारात यांपैकी काहीच नव्हते. नऊ वर्षे हप्ते भरलेल्या माणसालाही भाडेकरूसारखे बाहेर काढता येई. एकाला काढले की तेच घर, तोच करार, नवे कुटुंब. काही दलालांना करार पुरा होण्यापेक्षा तो मोडण्यात अधिक नफा होता.

१५/
म्हणून हप्ता चुकू न देणे हाच संसाराचा धर्म झाला. रॉस कारखान्याच्या कामाखेरीज टपाल खात्यात राबले, पिझ्झा पोहोचवू लागले. पत्नीने दुकानात नोकरी धरली. मुलांपैकी काहींना खासगी शाळेतून काढावे लागले. काहींनी घरात पोटभाडेकरू ठेवले, दुरुस्त्या लांबणीवर टाकल्या. घरे खचू लागली, शाळा गजबजल्या. मग तीच दुरवस्था बोटाने दाखवून म्हटले जाई, पाहा, म्हणूनच आम्ही येथे कर्ज देत नाही.

१६/
या लुटीला पहिले आव्हान दिले वकील मार्क सॅटर यांनी. करारखरेदीमुळे शिकागोच्या कृष्णवर्णीयांचे दिवसाला दहा लाख डॉलर लुबाडले जातात, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी खटले लढवले, जाहीर भाषणे केली. १९६५ मध्ये वयाच्या पन्नाशीआधीच त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या, इतिहासकार बेरिल सॅटर यांनी २००९ मध्ये 'फॅमिली प्रॉपर्टीज' या ग्रंथात हा सारा इतिहास मांडला.

१७/
१९६७ मध्ये जॅक मॅकनमारा हा जेझुइट पंथाचा तरुण विद्यार्थी काही सहकाऱ्यांसह लॉनडेलमध्ये आला. ही मुले घरोघर जाऊन विचारत, घर कितीला घेतले? मग दप्तरातील नोंदी काढून पाहत की दलालाने तेच घर कितीला घेतले होते. दोन आकडे शेजारी ठेवले की सारे उघड होई. आजवर प्रत्येक कुटुंब हे आपल्याच भोळेपणाचे फळ समजून लाजेने गप्प होते. आता शेजाऱ्याच्या कागदातही तेच निघाले.

१८/
१९६८ मध्ये 'कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग' उभी राहिली. रॉस तिच्या नेत्यांपैकी एक. सभासदांनी उपनगरांतील दलालांच्या घरांसमोर निदर्शने केली. वर्षअखेरीस त्यांनी हप्ते रोखून धरण्याचा संप पुकारला आणि पुढे पाचशेहून अधिक कुटुंबे त्यात उतरली. पणाला लागले होते ते राहते घर. जानेवारी १९७० मध्ये शेरीफची माणसे सामान रस्त्यावर काढू लागली. ती पाठ फिरवताच शेजारी तेच सामान उचलून पुन्हा घरात नेऊन ठेवत.

१९/
दबावामुळे शेकडो करारांच्या अटी नव्याने ठरल्या. न्यायालयात मात्र यश आले नाही. १९६९ मध्ये दाखल झालेल्या दाव्याचा मुद्दा असा होता की वर्णभेदाने निर्माण केलेल्या टंचाईचा फायदा उठवणे हाही वर्णभेदच. न्यायाधीशांनी तो ऐकण्यास घेतला. पण १९७६ मध्ये ज्यूरीचा कौल विरोधात गेला आणि १९७९ मध्ये दुसरा दावाही हरला.

२०/
कायदे बदलत होते. १९६८ च्या 'फेअर हाउसिंग ॲक्ट'ने घरविक्रीतील व कर्जातील भेदभाव बेकायदा ठरवला. शिकागोच्याच गेल सिन्कोटा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चळवळीतून १९७५ मध्ये बँकांना कर्ज कोठे दिले हे जाहीर करावे लागले, आणि १९७७ मध्ये स्वतःच्या परिसरात कर्ज देण्याचे दायित्व त्यांच्यावर आले.

२१/
पुढच्या पिढीत संकटाने दिशा बदलली. ज्यांना पूर्वी कर्ज नाकारले जाई, त्यांनाच १९९० नंतर महागडी, जोखमीची 'सबप्राइम' कर्जे आग्रहाने दिली जाऊ लागली. २००८ नंतर जप्त्यांची लाट आली. २०११ मध्ये 'कंट्रीवाइड' प्रकरणी ३३ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय व लॅटिनो कर्जदारांकडून जादा आकारणी केल्याचा वा त्यांना महागड्या कर्जांकडे वळवल्याचा सरकारचा आरोप होता.

२२/
२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्यूक विद्यापीठाशी संबंधित अभ्यासात शिकागोच्या करारखरेदीचा हिशेब मांडला गेला. दलालाच्या खरेदीवर सरासरी ८४ टक्के वाढ. दोन दशकांत कृष्णवर्णीय कुटुंबांचे तीन ते चार अब्ज डॉलरचे नुकसान. हा पैसा मुलांच्या शिक्षणात, धंद्यात, पुढच्या घरात गेला असता. वारसाहक्काने नातवंडांकडे आला असता.

२३/
आणि करारखरेदी? ती संपली नाही. २००८ च्या संकटात जप्त झालेली घरे गुंतवणूक कंपन्यांनी घाऊक भावात उचलली आणि बँकेचे कर्ज न मिळणाऱ्यांना ती पुन्हा करारावर विकायला काढली. दुरुस्ती घेणाऱ्याची, खरेदीखत विक्रेत्याकडे.

२४/
क्लाइड रॉस यांनी आपले घर सोडले नाही. २०१४ मध्ये पत्रकार ता-नेहिसी कोट्स यांनी त्यांची कहाणी जगापुढे मांडली, तेव्हा नव्वदी ओलांडलेले रॉस नॉर्थ लॉनडेलमधील त्याच घरात राहत होते. त्यांच्या वडिलांची जमीन एका कागदाने गेली होती. मुलाने तसाच एक कागद शेजाऱ्यांच्या कागदांशेजारी ठेवून वाचला.