कोपेल

मिरगाचा पाऊस स्थिरावला की बार्देशातल्या आमच्या वाड्यावर मुलांना दोन गोष्टींचे वेध लागायचे. एक नव्या पुस्तकांचे आणि दुसरे सांजावाचे. शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या म्हातारीला आम्ही सगळी मुले 'मांय' म्हणायचो. २४ जूनच्या सकाळी ती बलकांवावर वेलींचा ढीग घेऊन बसे आणि समोर येईल त्या मुलासाठी कोपेल विणून देई. त्यात आम्ही हिंदूंची पोरेही असायचो.

कोपेल म्हणजे सांजावाला डोक्यावर घालायचा पानाफुलांचा मुकुट. दिसते तेवढे ते काम सोपे नाही. मांय आधी डोक्याभोवती वेल गुंडाळून माप घ्यायची. "पयलीं माथें मेजचें, मागीर गुंथचें," हे तिचे ठरलेले वाक्य. वेल ताजी, हिरवी हवी, सुकलेली पिळताना मोडते. मापाचे कडे झाले की उरलेली वेल त्याच कड्याभोवती दोन-तीनदा पिळायची आणि टोक आत खोचायचे. मग नेच्याची पाने, त्यांत झेंडू, पिवळी घंटेसारखी फुले, असेल तर अबोली. जास्वंद लवकर मान टाकते म्हणून ती अगदी शेवटी. कोणी हौशी मंडळी छोटी फळेही लोंबकळत ठेवीत. विहिरीत उडी मारली तरी डोक्यावरून सुटता कामा नये, हीच खरी परीक्षा!

ही उडी आली कुठून? सांजाव हा बाप्तिस्मा देणाऱ्या संत जॉनचा, पोर्तुगिजांच्या 'सांव जुआंव'चा, सण. ल्यूकच्या शुभवर्तमानात कथा आहे. गरोदर एलिझाबेथला मरिया भेटायला आली तेव्हा पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. तेच बाळ पुढे संत जॉन झाले. म्हणून हा सण नाताळच्या सहा महिने आधी येतो. पोर्तुगालात तेव्हा उन्हाळा असतो. तिथे पोर्तो शहरात लोक २३ च्या रात्री शेकोट्यांवरून उड्या मारतात. आपल्याकडे ऐन पावसाळा, विहिरी भरलेल्या. तिथे आग, इथे पाणी! 'कोपेल' हा शब्दही तिकडचाच. पोर्तुगिजांत 'कापेला' म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर आणि पानाफुलांचा मुकुटही. पण आत विणलेली वेल आपल्या डोंगरातली, आणि बाहेर वाजणारे घुमटही आपलेच. नव्या जावयाला सासुरवाडीत दिवाळसणाला जो मान, तोच तिथे पहिल्या सांजावाला. शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात, त्याच दिवसांच्या आसपास आपल्याकडे माशेलला आषाढात देवकीकृष्णाच्या प्रांगणात चिखलकाला रंगतो. पाऊस दोघांचाही यजमान.

आता थोडा इतिहास. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथात ते वाचायला मिळते. धर्मांतरितांनी लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत, हळद लावू नये, फुले-विडे पाठवू नयेत, अंगणात तुळस लावू नये, अशी ती बंदी. म्हणजे साध्या पानाफुलांतही सत्तेला जुना देव दिसत होता. आणि त्याच समाजात संताच्या नावाने म्हाताऱ्या-तरण्यांची डोकी पानाफुलांनी भरून जातात, हे मला फार बोलके वाटते. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे संपले. मांयच्या बोटांतली गाठ मात्र शिल्लक राहिली.

या गाठीचे आपल्या माटोळीशी जवळचे नाते आहे. चवथीला आपण कांगले, घागऱ्या, माट्टीची फळे शोधत रान पालथे घालतो. मांयही आदल्या दिवशी वेलीसाठी तशीच डोंगरावर जायची. वर्षातून एकदा रानात जायला लावणारे हे दोन सण. कुठली वेल पिळते, कुठली अंगाला खाजते, हे त्या फेरीतच कळते. पुस्तकात नव्हे.

मांय जाऊन बरीच वर्षे झाली. आमच्यामागच्या डोंगराचा उतार कापून तिथे इमारती उभ्या राहिल्या. गेल्या सांजावाला बाजारात प्लास्टिकच्या फुलांची कोपेलां टांगलेली पाहिली. माझ्या मुलीने एक मागितले, मी घेऊनही दिले. खोटे कशाला बोलू, सोयीचे होते. संध्याकाळी ते जसेच्या तसे खुंटीला लागले. न कोमेजता. अजूनही तिथेच आहे. पुढच्या वर्षी नवे करायची गरजच उरली नाही. मग वेल कोण शोधणार आणि डोके कोण मोजणार?

म्हणून परवा रविवारी मुलीला घेऊन ओहळाच्या काठाने फिरलो. वेल सापडली. तिच्या डोक्याभोवती गुंडाळून पाहिली. माझे पिळणे दोनदा सुटले, तिसऱ्यांदा बसले. तुमच्या वाड्यावर वेल कुठे मिळते हे ठाऊक असलेले कोणी असेल, तर यंदा चोवीस तारखेच्या आधी मुलांना त्यांच्यासोबत एकदा पाठवा.