क्रॉइकच्या काचा

स्कॉटलंडला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये साधारण एकाच प्रकारचे फोटो असतात. तपकिरी-जांभळे डोंगर, त्यांच्या मधोमध एखादं तळं, वर खाली उतरलेले ढग आणि मैलोन्‌मैल एकही माणूस नाही. माझ्याही फोनमध्ये आहेत. कंपनीच्या कामासाठी काही महिने एडिनबरात होतो, तेव्हा दर शनिवार-रविवारी उत्तरेची गाडी पकडायची आणि असे फोटो काढायचे हा माझा उद्योग होता. 'काय निसर्ग आहे, माणसाचा हातच लागलेला नाही' असं मी ते फोटो घरी पाठवताना लिहायचो. ते वाक्य साफ चुकीचं होतं, हे मला क्रॉइकला गेल्यावर कळलं.

इन्व्हरनेसहून उत्तरेला जाणारी रेल्वे आर्डगे नावाच्या छोट्या स्टेशनवर थांबते. तिथून कॅरन नदीच्या काठाने एक अरुंद रस्ता पश्चिमेला आत शिरतो. समोरून गाडी आली तर एकाने थांबून वाट द्यायची, एवढाच त्याचा रुंदावा. हे स्ट्रॅथकॅरनचं खोरं. सोळाएक किलोमीटर आत गेलं की क्रॉइक लागतं. गाव म्हणावं असं तिथे फार काही नाही. तुरळक घरं, झाडांच्या आडोशाला एक चर्च, त्याची दफनभूमी आणि शेजारी दगडांचा एक ढिगारा. तो ढिगारा म्हणजे लोहयुगातल्या गोल दगडी बुरुजाचे अवशेष. अशा बुरुजांना तिकडे 'ब्रॉख' म्हणतात. म्हणजे या खोऱ्यात माणसं दोनेक हजार वर्षं तरी राहत आली आहेत. हाताचं म्हणाल तर तो तेव्हापासूनच लागलेला होता.

चर्च १८२७ सालचं. उत्तरेकडच्या दुर्गम भागात चर्च बांधायला ब्रिटिश संसदेने १८२३ साली ५०,००० पौंड मंजूर केले. आराखड्याची जबाबदारी थॉमस टेलफर्डवर आली. कॅलिडोनियन कालवा बांधणारा हाच तो इंजिनियर. चर्च आणि पाद्र्याचं घर मिळून १,५०० पौंडांच्या वर जायचं नाही, अशी अट होती. एकच साचा, जागेप्रमाणे थोडे फेरफार, आणि तशी ३२ चर्चेस. क्रॉइकचं त्यातलंच एक. साधं, दगडी, कोरीवकाम वगैरे नाही. खिडक्यांना शंकरपाळ्याच्या आकाराच्या लहान लहान काचा.

लोक इतक्या आत येतात ते पूर्वेकडच्या खिडकीच्या या काचा बघायला. त्यांवर बाहेरच्या बाजूने काहीतरी टोकदार घेऊन अक्षरं कोरलेली आहेत. अक्षरं बारीक आहेत, ऊन तिरपं असेल तरच नीट दिसतात. ग्लेनकॅल्वीचे लोक इथे होते, असं लिहिलं आहे. तारीख आहे २४ मे १८४५. एका काचेवर ग्लेनकॅल्वी आता ओसाड रान झालं आहे आणि लोकांना वसाहतींत धाडा, अशा अर्थाचं काही आहे. आणि एका काचेवर, मला तरी सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं: ग्लेनकॅल्वीचे लोक ही दुष्ट पिढी आहे.

दुष्ट कोण, तर ज्यांची घरं गेली ते. असं का लिहावं कुणी?

स्कॉटलंडच्या इतिहासात 'हायलँड क्लिअरन्सेस' नावाचं एक मोठं प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभर वर्षं ते चाललं. त्याआधी जमीन टोळीच्या प्रमुखाची असली तरी कुळांना ती पिढ्यान्‌पिढ्या आपलीच वाटायची. ओट, जव आणि बटाटे पिकवायचे, डोंगरावरच्या सामाईक कुरणात गुरं सोडायची, खंड भरायचा आणि मालकाने बोलावलं की लढाईला जायचं. हा करार कुठेही लिहिलेला नव्हता. पुढे प्रमुखांचे जमीनदार झाले, त्यांचा खर्च वाढला आणि दक्षिणेकडून चेव्हिअट जातीच्या मेंढ्या आल्या. अठरा कुटुंबांकडून थोडा थोडा खंड गोळा करण्यापेक्षा अख्खं खोरं एका मेंढीवाल्याला दिलं की पैसे जास्त आणि कटकट कमी. मेंढीवाल्याला माणसं लागत नव्हती, दोनचार धनगर पुरे होते.

लोक गप्प बसले नाहीत. १७९२ साली याच रॉस-शायर परगण्यातल्या लोकांनी मेंढ्यांचे कळप गोळा करून परगण्याबाहेर हाकलायला सुरुवात केली. गेलिक भाषेत त्या वर्षाला 'मेंढ्यांचं वर्ष' असंच नाव पडलं. सरकारने पलटण पाठवून ते मोडून काढलं. दुसऱ्याच वर्षी याच परगण्यात ७८ वी हायलँडर पलटण उभी राहिली, 'रॉस-शायर बफ्स' नावाची. ही पलटण आपल्याला अगदीच परकी नाही. १८०३ साली वेलस्लीच्या सैन्याबरोबर ती अहमदनगरच्या किल्ल्यावर आली आणि पुढे असईला शिंद्यांच्या तोफांसमोर उभी राहिली. असईच्या नावाचा हत्ती तिच्या निशाणावर कायमचा बसला. मालकासाठी लढायला माणसं द्यायची आणि मालकाने जमीन राखायची, यातली पहिली बाजू लोक तोवर पाळत होते.

ग्लेनकॅल्वी हे कॅरनला मिळणाऱ्या एका ओढ्याचं छोटं खोरं. क्रॉइकच्या अगदी जवळ. अठरा कुटुंबं, सुमारे नव्वद माणसं, बहुतेकांचं आडनाव रॉस. जमीन किनडीसच्या रॉबर्टसन घराण्याची. कारभार बघायचा जेम्स गिलँडर्स नावाचा माणूस. तिकडे त्याला 'फॅक्टर' म्हणतात. आपण दिवाणजी म्हणू. १८४२ साली जागा सोडण्याच्या नोटिसा घेऊन अंमलदार आले तेव्हा खोऱ्यातल्या बायकांनी त्यांना वाटेतच अडवलं आणि त्यांच्या हातातले कागद जाळून टाकले. कागद पोचला नाही म्हणजे नोटीस लागू झाली नाही. त्यावर तीन वर्षं निघाली. तीन वर्षांनी कागद पोचले, आणि मे १८४५ मध्ये जागा रिकामी करायचं ठरलं.

या वेळी लोक भांडले नाहीत. पाद्री गस्टेव्हस एअर्ड यांनी त्यांना शांत राहायला सांगितलं होतं. एअर्ड स्वतः लोकांच्या बाजूचे. पण १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. पाद्री कोण नेमणार, जमीनदार की गावकरी, हा वादाचा मुद्दा होता. साडेचारशेहून जास्त पाद्री अधिकृत चर्च सोडून बाहेर पडले. त्यांत एअर्ड होते आणि त्यांच्या मागे जवळजवळ सगळं खोरं होतं. तेव्हापासून हे लोक ओढ्याकाठी उघड्यावर बसून गेलिकमध्ये उपासना करत. टेलफर्डचं चर्च रिकामं पडलेलं होतं.

घरं सोडली त्या दिवशी बहुतेकांना जायला जागा नव्हती. ते क्रॉइकच्या चर्चच्या आवारात आले. आत गेले नाहीत. देवाच्या घरात चूल मांडायची नाही हे एक कारण सांगतात. ते चर्च आता आपलं नाही हे दुसरं. दफनभूमीतच काठ्या रोवून त्यांवर घोंगड्या, पांघरुणं, घोड्यांच्या झुली टाकल्या आणि आपल्या वाडवडिलांच्या थडग्यांमध्ये संसार मांडला. लंडनच्या 'द टाइम्स'चा बातमीदार तेव्हा तिथे पोचला होता. त्याच्या मोजणीप्रमाणे त्या आडोशाखाली ऐंशी माणसं होती, त्यांत दहा वर्षांखालची २३ मुलं. खोऱ्याचा वर्षाचा खंड ५५ पौंड १० शिलिंग होता आणि तो कधी थकला नव्हता, हेही त्याने लिहिलं. मालक कुठे होता? पलटणीबरोबर ऑस्ट्रेलियात.

आणि कुणीतरी काचेवर लिहायला घेतलं.

पहिली गोष्ट, लिहिलं ते इंग्रजीत. हे लोक गेलिक बोलणारे. घरात, शेतात, प्रार्थनेत गेलिक. पण इंग्रजी ही खंडपावतीची, नोटिशीची आणि कोर्टाची भाषा. आपल्यात कुणी कोर्टात अर्ज करतो तेव्हा घरची बोली बाजूला ठेवतो, तसंच हे असणार. घरच्यांना सांगायची गरज नव्हती, घरचे सगळे तिथेच होते. लिहिलं ते बाहेरच्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी.

दुसरी गोष्ट म्हणजे ती दुष्ट पिढी. काही अभ्यासक म्हणतात की यात उपरोध आहे; 'तुम्ही आम्हाला दुष्ट म्हणता ना, घ्या' असा. पण जास्त जणांना वाटतं की लिहिणाऱ्याला तसंच म्हणायचं होतं, आणि मलाही तसंच वाटतं. हायलँड्समधल्या अनेक पाद्र्यांनी वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं: संकट येतं ते पापाची शिक्षा म्हणून, तेव्हा जमीनदाराशी भांडू नका, स्वतःकडे बघा. एअर्ड अपवाद होते, पण एक अपवाद अख्ख्या शिकवणुकीला पुरत नाही.

शिवाय दोष द्यायचा तरी कुणाला? मालक ऑस्ट्रेलियात. दिवाणजी म्हणणार, मी फक्त हुकूम पाळतो. अंमलदार म्हणणार, कोर्टाचा कागद आहे. कोर्ट म्हणणार, कायदा आहे. मेंढीवाला म्हणणार, मी बाजारभावाने जागा घेतली. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर. आमच्या धंद्यात याला चांगली व्यवस्था म्हणतात: प्रत्येक भागाने आपलंच काम करायचं, बाकीचं माहीत असायची गरज नाही. अशा व्यवस्थेत काही बिघडलं की दोष फिरत फिरत शेवटी ज्याच्यापुढे कुणी नाही त्याच्यावर येऊन थांबतो.

सगळ्या काचा एका दिवशीच्या नाहीत. एकीवर ३१ मार्च १८५४ ही तारीख आणि खून झाल्याचा उल्लेख आहे. त्या दिवशी याच खोऱ्यात खालच्या अंगाला ग्रीनयार्ड्स इथे नोटिसा द्यायला पोलिसांची तुकडी आली. पुन्हा बायकाच पुढे उभ्या राहिल्या. या वेळी पोलिसांनी दंडुके चालवले आणि बायकांची डोकी फोडली. जमीन पुन्हा त्याच किनडीसकरांची. काच मात्र या वेळी स्वतःला दुष्ट म्हणत नाही.

पुढे १८८६ साली क्रॉफ्टर्स कायदा आला. आपल्याकडच्या कूळकायद्याची आठवण व्हावी असा. नियमित खंड भरणाऱ्याला जमिनीवरून काढता येणार नाही, हे त्याने ठरवलं. ज्यांच्या पायाखाली तेव्हा जमीन होती त्यांना तो लागू झाला. ग्लेनकॅल्वीत तो लागू व्हायला माणूसच नव्हता. मेंढ्यांचे भाव पडले तेव्हा हायलँड्समधली अशी खोरी श्रीमंतांच्या हरणांच्या शिकारीसाठी गेली. शेजारच्या अॅलाडेल खोऱ्यात आज २३,००० एकरांचं खाजगी 'अभयरान' आहे. २००३ साली एका श्रीमंत माणसाने ते विकत घेतलं. तिथे लाखो देशी झाडं लावली, ते चांगलंच आहे. लांडगेही परत आणायची त्याची इच्छा होती. जाहिरातीत त्या जागेसाठी जो इंग्रजी शब्द वापरतात, तोच शब्द काचेवर ग्लेनकॅल्वीसाठी कोरलेला आहे. जाहिरातीत त्याचा अर्थ माणसाने न बिघडवलेलं असा होतो. काचेवर त्याचा अर्थ माणसं काढून टाकलेलं असा होतो.

माझं आजोळ धरणाच्या पाण्याखाली गेलं. आजीला दुसरीकडे जमीन मिळाली, मुरमाड आणि उशिरा. तिच्या तोंडून मी सरकारबद्दल कधी वावगा शब्द ऐकला नाही. 'आमचंच काहीतरी चुकलं असंल रे मागल्या जन्मी' एवढंच ती म्हणायची. मी तेव्हा हसायचो, अडाणी समजूत म्हणून. क्रॉइकच्या त्या खिडकीशी उभा राहून वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

परतताना खोऱ्याच्या तोंडाशी थांबलो. तपकिरी डोंगर, ओढा, वर ढग. फोन काढला आणि मग नीट बघितलं. उतारावर अधूनमधून सरळ रेषेत गवताचा रंग बदलत होता. अशा रेषा म्हणजे जुन्या शेतांचे बांध असतात, हे आता मला कळत होतं. फोटो काढला. घरी पाठवताना या वेळी खाली फक्त गावाचं नाव लिहिलं.