चॉल्डनच्या भिंतीवरचे सैतान

साल 1200च्या आसपासचं. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, चॉल्डनच्या इवल्याशा चर्चमध्ये तुम्ही उभे आहात. बसायला बाकं नाहीत, गारठा तळपायातून वर चढतोय आणि लॅटिन प्रार्थनेतलं अवाक्षर कळत नाहीये. ती एकदाची संपते. तुम्ही पश्चिमेकडे वळता आणि जागीच थबकता.

17 फूट रुंद, 11 फूट उंच चित्र. गेरू, पिवडी आणि चुना, एवढ्यावरच चित्रकाराने भागवलंय. लालभडक भिंतीवर फिकट अंगाचे सैतान. मधोमध उभी शिडी. तिच्यावर उघडेनागडे जीव चढताहेत, घसरताहेत. खाली दोन धिप्पाड सैतान लांब काट्यांनी काहिलीतली माणसं ढवळताहेत, गुऱ्हाळावर रस ढवळावा तसे निवांत. वर मायकेल देवदूत आत्मे तोलतोय, तर शेजारचा सैतान चक्क काटा मारायला बघतोय! देवदूत नेटके आहेत, पण खरं सांगायचं तर चित्रकाराचा जीव सैतानांतच रमलाय.

आता उजवा कोपरा बघा. दोन सैतानांनी करवतीसारखा दातेरी पूल धरलाय आणि त्यावरून लबाड कारागीर चालताहेत. लोहार घोड्याचा नाल घडवतोय, पण ऐरण नाही. कुंभार आहे, चाक नाही. ज्यांनी आयुष्यभर मापात पाप केलं, त्यांना आता अवजाराविना काम. पुलाखाली ज्वाळांत सावकार बसलाय, तोंडातून नाणी ओघळताहेत. राजे नाहीत, सरदार नाहीत. सगळी तुमच्या बाजारातली माणसं. तुमच्या गावचा लोहार शेजारीच उभा आहे. तुम्ही त्याच्याकडे बघता, तो छताकडे बघतो.

काही शतकं पुढे या. धर्मसुधारणेच्या लाटेत चर्चमधली चित्रं म्हणजे अंधश्रद्धा ठरली आहे. भिंतीवर चुन्याचा हात फिरतो, आणि इथे असं काही होतं हे गाव विसरूनही जातं.

मग 1869. डागडुजी चाललीय, खरवडलेल्या चुन्याखालून तांबडा रंग डोकावतो. चर्चचे धर्मगुरू (रेक्टर) हेन्री शेफर्ड काम थांबवायला लावतात. एकेक थर निघतो तशी शिडी दिसते, काहील दिसते. इतकी वर्षं ना ऊन लागलं, ना मेणबत्त्यांची काजळी, ना कुणाचा हात. चुना फासणाऱ्यांच्या हे मनातही नसेल, पण कारागिरांची ती लबाड वरात त्यामुळेच ओळखू येण्याइतकी शाबूत राहिलीय.