कुंडींतील गुलाब : एक इतिहास

शिरूर व दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथवर येतां येतां रिता होतो. अशा मुलखांत गुलाबाची गोष्ट काढणें म्हणजे दुष्काळांत मेजवानीचें आमंत्रण देणें होय, असें कोणी म्हणेल. परंतु कुंडींतील गुलाबाचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे या आक्षेपाचें बळ बरेंच कमी होतें.

युरोपांतील जुने गुलाब बहुधा वर्षांतून एकदांच फुलत. वारंवार फुलण्याचा गुण चिनी गुलाबाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो व्यापारी जहाजांतून तिकडे पोहोंचला. वाटेंत कलकत्त्याशीं संबंध आल्यानें फ्रेंच लोक त्यास ‘बंगालचा गुलाब’ म्हणूं लागले. पुढें 1809 च्या सुमारास चहासारख्या सुवासाचा एक फिकट गुलाबी वाण कँटनहून इंग्लंडांत गेला. त्याच 1809 सालीं शिरूरच्या छावणींत कर्नल विल्यम वॉलेस वारला. त्याच्या थडग्यास गांवकरी ‘सत्पुरुष’ म्हणून भजूं लागले. ज्या कंपनीच्या व्यापारानें चीनचीं रोपें पश्चिमेस नेलीं, तिच्याच फौजेनें घोडनदीकाठीं तळ दिला होता. 1828 सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें पुण्यानजीक दापोडीस सरकारी वनस्पतिबागही उभारली.

चहागंधी गुलाब थंडीस फार हळवा. म्हणून उत्तर युरोपांत त्यास कुंडींत लावून कांचगृहांत ठेवीत. फ्रान्समधील गियो या रोपवाटिकाकारानें 1867 सालीं ‘ला फ्रान्स’ हा संकरित वाण दिला. 1875 सालीं झुपक्यांनीं फुलणारा बुटका ‘पाकरेत’ही त्याच्याच बागेंतून बाहेर पडला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत स्वित्झर्लंडांत खिडक्यांतील कुंड्यांमध्यें एक अतिशय ठेंगणा चिनी गुलाब आढळला. आजच्या कित्येक चिमुकल्या गुलाबांचा तो पूर्वज होय.

तिकडे कुंडीनें हिमापासून रक्षण केलें. आपल्याकडे ती पाण्याचा हिशेब राखते. कुंडी लवकर सुकते व उन्हाळ्यांत तिला रोज पाणी लागतें, हें खरें. पण तें मोजकें लागतें आणि भाजी धुतलेल्या पाण्यावर भागतें.

निवड करतांना हाच इतिहास ध्यानांत ठेवावा. बुटक्या झुपकेदार जातींस आठ-दहा इंची कुंडी पुरते. मोठ्या फुलांच्या संकरित जातीस बारा-चौदा इंची हवी. तळाच्या भोंकावर खापऱ्या ठेवाव्या. नुसती काळी माती चिकटून बसते व वाळल्यावर भेगाळते; तींत शेणखत व वाळू मिसळावी. सकाळचें ऊन भरपूर द्यावें, पण चैत्र-वैशाखांत दुपारची सावली करावी. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरांत छाटणी करावी. डोळा भरलेल्या सांध्याखालून फुटणारे धुमारे मात्र तत्काळ काढावे, नाहीं तर खुंटाचें रानटी झाड माजतें व कलम मरतें.

गुलाबाला राजवाड्याची बाग लागते, ही समजूत आतां सोडावी. शिरूर-दौंडकडील घराच्या ओट्यावर दोन कुंड्या ठेवण्याइतकी जागा असली, तरी तो वर्षांतून अनेकदां फुलेल.